जुन्या पिकअपची डॅशबोर्डवरची बटणं स्वतः बदलायची तर

बटण जळालं, बदललं, आणि द्राक्षाचा सीझन संपायच्या आत परत तेच बटण जळालं. नाशकात दहा-बारा वर्षं जुनी पिकअप चालवणाऱ्या कुणालाही विचारा, हे त्याने भोगलेलं असतंच. मग शिव्या कुणाला, तर बटणाला, "सगळा डुप्लिकेट माल आहे हो". माल डुप्लिकेट असतोही, नाही असं नाही, पण बटण आपोआप फार क्वचित मरतं. जास्त वॅटचा बल्ब, गंजलेला अर्थ (गाडीच्या बॉडीला बोल्टने जोडलेली मायनसची वायर), ढिला कपलर (वायरी जोडणारं प्लास्टिकचं सॉकेट), नाहीतर पुढच्या काचेच्या रबरातून गळणारं पाणी, यातलं काहीतरी मागे असतं. ते शोधलं नाही तर नवं बटणही त्याच वाटेने जाणार. म्हणून खाली बटण बदलायचं कसं हे सांगणार आहेच, पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं जास्त सांगणार आहे.

ज्यांनी आजवर डॅशबोर्डचा एक स्क्रूसुद्धा काढला नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय. महिंद्राच्या जुन्या पिकअप डोळ्यासमोर ठेवल्यात, कारण सातपूरला कंपनी असल्याने आपल्याकडे त्या भरपूर आहेत आणि त्यांचं सामान कुठेही मिळतं, पण दुसऱ्या कुठल्या कंपनीची असली तरी १२ व्होल्टची गाडी म्हटल्यावर काम तेच, फक्त स्क्रूच्या जागा आणि वायरचे रंग बदलतात.

सामान काय लागतं

फार काही नाही. फिलिप्स आणि चपटा असे दोन-दोन स्क्रूड्रायव्हर (एक लांब, एक बुटका, बुटका लागतोच), ८-१०-१२-१३ चे पाने, नोजप्लायर, वायर सोलायची कटर, एक साधा मल्टिमीटर, आणि टेस्ट लॅम्प. टेस्ट लॅम्प विकत नसेल घ्यायचा तर इंडिकेटरचा जुना होल्डर, त्यात बल्ब, दोन वायरी आणि एका टोकाला मगरचिमटा, झाला तयार. शिवाय लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची कडी), स्लीव (जोडावर चढवायची नळी), थोडी १.५ आणि २.५ स्क्वेअर एमएमची वायर, सोल्डरिंग गन आणि कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे.

लोक म्हणतात मल्टिमीटर असताना टेस्ट लॅम्प कशाला. तर ऐका. मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरच्या आत सगळ्या तारा तुटून एकच तार शिल्लक असली तरी मल्टिमीटर तुम्हाला ऐटीत १२ व्होल्ट दाखवणार, आणि तुम्ही म्हणणार सप्लाय तर आहे मग बटणच गेलं. त्याच जागी टेस्ट लॅम्प लावा, बल्बला खरा करंट लागतो त्यामुळे तो मिणमिणेल नाहीतर लागणारच नाही, आणि लगेच कळेल की बटण बरोबर आहे, वायर मेली आहे. नवीन शिकणाऱ्याने आधी टेस्ट लॅम्प हातात घ्यावा, मल्टिमीटर नंतर. एकच काळजी, कॉमन रेल इंजिनची गाडी असेल तर इंजिनच्या सेन्सरच्या आणि ईसीयूच्या (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) वायरींना बल्बवाला टेस्ट लॅम्प लावायचा नाही, तिथे मल्टिमीटरच.

बॅटरी

तपासताना बॅटरी लागेल, पण बटण सोडवताना आणि वायर कापताना बॅटरी सोडलेली पाहिजे. आधी मायनस काढायचा, जोडताना मायनस शेवटी. का, तर गाडीची पूर्ण बॉडी मायनसला आहे, मायनस निघाला की प्लस काढताना पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. उलटं केलंत, आधी प्लस काढायला गेलात आणि पाना बॉनेटच्या पत्र्याला लागला की असा जाळ होतो की पान्यावर खड्डा पडतो. हातात अंगठी असेल तर काढून ठेवा, खरंच.

आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "अल्टरनेटर चार्ज करतो का" बघायची जुनी सवय काही जणांना आहे, ती सोडा. बॅटरी अचानक निघाली की व्होल्टेज उसळतं आणि त्यात अल्टरनेटरचा रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग), ईसीयू काहीही जाऊ शकतं. चार्जिंग बघायचं तर मल्टिमीटर बॅटरीवर लावा, रात्रभर उभ्या गाडीला १२.६ च्या आसपास आणि इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले म्हणजे ठीक. १५ च्या वर जात असेल तर थांबा, बटणं-बल्ब जळण्याचं कारण तिथेच सापडलं, आधी रेग्युलेटर बघा.

बटणाला हात लावायच्या आधी

समजा हेडलाईट लागत नाही. क्रम असा ठेवा: बल्ब, फ्यूज, रिले (बारीक करंटवर चालून मोठा करंट जोडणारं डबीसारखं स्विच) असेल तर तो, अर्थ, आणि सगळ्यात शेवटी बटण. दोन्ही बाजूंना बटण एकच असतं, म्हणून एकच बाजू बंद असेल तर बटणाकडे बघायचंच नाही, तिथला बल्ब, फ्यूज नाहीतर अर्थ.

फ्यूज नुसता डोळ्याने बघून "चांगला आहे" म्हणायचं नाही. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॉडीला लावा आणि टोक फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन्ही बारक्या खिडक्यांना लावून बघा, दोन्हीकडे लागला तर फ्यूज चांगला, एकीकडेच लागला तर गेला. मग फ्यूज काढून त्याचे पाय बघा. हिरवट बुरशीसारखं काही दिसलं, किंवा प्लास्टिक एका बाजूने पिवळं पडून वितळलेलं दिसलं तर फ्यूज शाबूत असूनही जागा खराब आहे. रंग लक्षात ठेवा, लाल १० चा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. जुन्या गाडीत १० च्या जागी हमखास हिरवा ३० चा घुसवलेला सापडतो, कुणीतरी रस्त्यात अडकल्यावर घातलेला आणि मग तसाच राहिलेला. असा फ्यूज असला की फ्यूज उडत नाही, वायर जळते. चांदीचा कागद गुंडाळलेला फ्यूजही मी बघितलाय, त्याबद्दल न बोललेलं बरं.

अर्थ तपासायची सोपी खूण सांगतो. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लाईट लुकलुकते, असं होत असेल तर मागच्या लाईटचा अर्थ गेला, डॅशबोर्ड उघडायची गरजच नाही. शेणखत, कांदा, ओला टोमॅटो वाहून वाहून आणि मग प्रेशरने धुऊन मागच्या लाईटच्या होल्डरची आणि अर्थच्या बोल्टची माती झालेली असते. बोल्ट काढा, पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, नवीन लग लावून घट्ट करा, वरून थोडं ग्रीस. चहा व्हायच्या आत होणारं काम आहे.

हे सगळं ठीक निघालं तर आता बटण. बटण चालू करून, बल्ब जोडलेले असताना, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बटणात येणाऱ्या वायरीला आणि दुसरं बटणातून बाहेर जाणाऱ्या वायरीला लावा. बटण चांगलं असेल तर आकडा शून्याच्या जवळ, ०.१-०.२ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवत असेल तर आतले पॉइंट (एकमेकांना टेकणारे धातूचे ठिपके) जळलेत. हात लावून बघा, बटण किंवा कपलर गरम लागतो का तेही कळतं. हा आकडा मिळाल्याशिवाय दुकानात जायचं नाही.

हॅझर्डचं बटण, यावर वेगळं लिहायलाच पाहिजे

इंडिकेटर बंद पडला की लोक आधी फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारी डबी) बदलतात, मग स्टिअरिंगखालच्या दांडीचं कॉम्बी स्विच बदलतात, दीड-दोन हजार घालवतात, आणि दोष असतो हॅझर्डच्या लाल त्रिकोणाच्या बटणात. बऱ्याच गाड्यांत इंडिकेटरचा सप्लाय हॅझर्डच्या बटणातूनच पुढे जातो. हॅझर्ड बंद असताना चावीचा सप्लाय त्या बटणातून फ्लॅशरला जातो, आणि हॅझर्ड दाबला की ते बटण चावीचा रस्ता तोडून बॅटरीचा थेट सप्लाय फ्लॅशरला देतं आणि डावी-उजवी दोन्ही बाजू एकत्र जोडतं. आता हे बटण वर्षात किती वेळा दाबलं जातं? कसारा घाटात धुकं असलं तर, नाहीतर टायर पंक्चर झाला तर. न वापरलेल्या पॉइंटवर धूळ आणि काळा थर बसतो, आणि हॅझर्ड चालतो पण इंडिकेटर चालत नाही, अशी वेडी लक्षणं दिसतात.

म्हणून इंडिकेटर बंद दिसला की आधी हॅझर्ड दाबा. हॅझर्ड चालला म्हणजे फ्लॅशर जिवंत, बल्ब जिवंत, बाहेरच्या वायरी जिवंत. मग इंडिकेटरचा फ्यूज बघून घ्या, हॅझर्डला बऱ्याचदा वेगळा फ्यूज असतो म्हणून. तोही ठीक असेल तर हॅझर्डचं बटण पंधरा-वीस वेळा जोरात चालू-बंद करा. तेवढ्यानेच पॉइंट घासून इंडिकेटर सुरू झाला तर रोग सापडला, आता बटण काढून आत कॉन्टॅक्ट क्लीनर मारा किंवा नवीनच टाका, ते काही महाग नसतं.

इंडिकेटर नेहमीपेक्षा भरभर टिकटिक करत असेल तर मात्र बटण नाही, त्या बाजूचा एक बल्ब गेलाय. आणि सगळीकडे एलईडी बल्ब लावल्यावर भरभर व्हायला लागलं असेल तर फ्लॅशर एलईडीला चालणारा घ्यावा लागेल.

डॅशबोर्ड उघडणे

जुन्या गाडीचं प्लास्टिक उन्हाने वाळून पापडासारखं झालेलं असतं. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा चार-पाचवर येतो तेव्हा सकाळी सकाळी पट्टी उचकटायला गेलात तर कुटकन तुटणारच. थंडीत हे काम दुपारी करा, गाडी तासभर उन्हात उभी करून, प्लास्टिक जरा नरमतं. मेमध्ये उलटं, सावलीत करा, तेव्हा प्लास्टिक नाही, माणूसच नरमतो.

सुरुवात करायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा, समोरून, खालून, आणि प्रत्येक कपलर काढायच्या आधी एक. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी गेला की मागची वायर टोचली जाते आणि मग फ्यूज का उडतो हे शोधत बसा. जुन्या अंड्याचा ट्रे किंवा चहाचे कागदी कप घ्या, कुठला स्क्रू कुठला ते कपावर लिहा.

सुटी रॉकर बटणं, म्हणजे हॅझर्ड, फॉग, वगैरे, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंच्या प्लास्टिकच्या कुसांवर बसलेली असतात. पुढून स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की पट्टीवर कायमचा चरा पडतो. त्यापेक्षा आजूबाजूची पट्टी सोडवा, हात मागे घाला, दोन बोटांनी दोन्ही कुसा दाबा आणि अंगठ्याने बटण पुढे ढकला. नाहीच हात जात तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला टेप गुंडाळा. बटण पुढे आलं की कपलर काढायचा, आणि कपलर काढताना वायर धरून ओढायची नाही, कपलरच्या बाजूला एक जीभ असते ती दाबायची आणि कपलर धरून हलवत हलवत काढायचा. नवख्याच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, वायर कपलरमधून निसटते आणि मग ती कुठल्या खान्यातली हे कळत नाही. म्हणून तो फोटो.

डॅशबोर्डचं मीटर काढावं लागलं तर जुन्या मॉडेलला मागे स्पीडोमीटरची केबल असते, तिची क्लिप दाबून आधी ती सोडवा, जोर लावून मीटर ओढू नका. मीटरमधले बारीक बल्ब बदलणार असाल तर एक लक्षात ठेवा, बॅटरीच्या चिन्हाचा बल्ब नुसता दिवा नाहीये. जुन्या अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट त्या बल्बमधूनच मिळतो, तो काढून टाकला किंवा तिथे एलईडी बसवला तर गाडी चालू केल्यावर चार्जिंग सुरूच व्हायचं नाही, असं होऊ शकतं. बाकी सगळे एलईडी करा, तो एक तसाच ठेवा. आणि एलईडी लागला नाही तर फिरवून घाला, त्याला प्लस-मायनस असतं.

नवीन बटण आणायला जाताना

जुनं बटण सोबत घ्या. फोटो चालत नाही, वर्ष-मॉडेल सांगूनही चालत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये मध्येच पिना बदललेल्या असतात. द्वारका-वडाळा नाक्याच्या पट्ट्यात कुठल्याही स्पेअरच्या काउंटरवर गेलात की पहिला प्रश्न हाच असतो, "दादा, सँपल आणलंय का?" सँपल असेल तर काउंटरवरचं पोरगं दोन मिनिटांत डबा काढून समोर ठेवतं, नसेल तर "पाच प्रकार आहेत, कुठलं देऊ?"

समोर आल्यावर पिना मोजा, पिनांची जागा जुळवा, मागचा पार्ट नंबर वाचा. मल्टिमीटर खिशात असेल तर बझरवर लावून काउंटरवरच तपासा, चालू केल्यावर बीप, बंद केल्यावर गप्प. "चेक करून घेतो हं शेठ" म्हटलं की कुणी रागावत नाही. लाईट आणि कॉम्बी स्विच कंपनीचं किंवा चांगल्या ब्रँडचं घ्या, तिथे पैसे वाचवू नका. फॉगचं, केबिनच्या दिव्याचं बटण लोकल घेतलं तरी चालतं, माझं मत. जुन्या बाजारातलं निघालेलं ओरिजिनल बटण कधीकधी नव्या लोकलपेक्षा बरं निघतं, फक्त त्याच्या पिना काळ्या-निळ्या पडलेल्या नाहीत ना बघा.

कपलर जळाला असेल तर

नव्या बटणाला जुना वितळलेला कपलर लावला की नवं बटण गेलंच म्हणून समजा. पिन एकदा तापली की तिचा स्प्रिंगपणा जातो, ती ढिली बसते, ढिली म्हणून जास्त तापते, आणि हे चक्र चालू राहतं. पक्कडीने दाबून घट्ट केलं तरी पुढच्या उन्हाळ्यापर्यंतच.

वायरसकट मिळणारा नवा कपलर घ्या. जुनी वायर तापलेल्या जागेपासून तीन-चार इंच मागे कापा आणि सोला. आतलं तांबं चकचकीत लाल दिसलं तर ठीक, काळं पडलेलं असेल तर आणखी मागे कापा, काळ्या तांब्यावर सोल्डर धरतच नाही. एकेक वायर कापायची, जोडायची, मग दुसरी. सगळ्या एकदम कापून टेबलावर बसलात तर रात्र तिथेच. जोड वर-खाली असे पुढेमागे घ्या, सगळे एकाच रेषेत आले तर गाठ जाड होते आणि एकमेकांना घासून शॉर्ट व्हायची भीती असते. स्लीव आधी वायरवर सरकवायची, मग सोल्डर करायचं. हे प्रत्येकाला माहीत असतं आणि तरी प्रत्येक जण विसरतो.

नुसतं पिळून टेप मारू नका. मे महिन्यात बंद केबिनमध्ये डॅशच्या मागे टेपचा डिंक पातळ होतो, टेप सरकते, आणि उघडी वायर पत्र्याला टेकते.

कॉम्बी स्विच, म्हणजे स्टिअरिंगखालच्या दांड्या

अपर-डिपर, इंडिकेटर, वायपर सगळं इथेच. हे बदलायला स्टिअरिंग काढावं लागतं आणि नवखा माणूस इथेच घाबरतो, पण घाबरायचं कारण नाही. स्टिअरिंगवर एअरबॅग असलेली गाडी असेल तर मात्र घरी हात लावायचा नाही, विषय संपला. जुन्या पिकअपला ती नसते.

चाकं सरळ करून गाडी उभी करा. हॉर्नचं झाकण काढा, आत मोठा नट दिसेल. नट आणि मधल्या दांड्याच्या तोंडावर आणि स्टिअरिंगवर मार्करने एक सरळ रेघ मारा म्हणजे बसवताना दात तिथेच बसतील, नाहीतर गाडी सरळ आणि स्टिअरिंग वाकडं. नट ढिला करा पण पूर्ण काढू नका, चार-पाच आटे शिल्लक ठेवा. मग दोन्ही हातांनी स्टिअरिंग डावं-उजवं हलवत स्वतःकडे ओढा. ते गंजून बसलेलं असतं, बराच वेळ काही होत नाही आणि मग एकदम धाडकन सुटतं. नट लावून ठेवलेला असतो म्हणून ते जागीच थांबतं, नाहीतर सरळ तोंडावर, दात पडलेली माणसं आहेत. हातोडी मारू नका दांड्यावर, आटे जातात.

बाकी मग तीन-चार स्क्रू आणि दोन-तीन कपलर. हॉर्नची पितळी पट्टी किंवा ब्रश तिथेच असतो, जुना हॉर्न वळणावर बंद पडत असेल तर त्याचं कारण तोच, घासून थोडं ग्रीस लावा. बसवताना नट नीट आवळा. नवं बटण बसवल्यावर इंडिकेटर वळण संपल्यावर आपोआप परत येतो का, हे डावं-उजवं पूर्ण फिरवून बघा, झाकण लावायच्या आधी.

वायपर बंद केल्यावर काचेच्या मध्येच थांबत असेल तर लगेच कॉम्बी स्विच बदलू नका. वायपर खाली आणून थांबवायचं काम मोटरच्या आतली पार्किंगची पट्टी करते, तिला सप्लाय वेगळा जातो. आधी मोटरच्या कपलरला टेस्ट लॅम्प लावून तो सप्लाय आहे का बघा. केबिनमधला ब्लोअरचा पंखा फक्त फुल स्पीडवर चालतो आणि एक-दोनवर बंद, तर तिथेही बटण नाही, रेझिस्टर गेलाय.

रिले, नाहीतर वरचं सगळं वाया

आता मूळ मुद्दा. कंपनीचा हेडलाईट बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. अपरवर ६० वॅट म्हणजे एका बल्बला ५ अँपिअर, दोन्ही मिळून १०. वाशीला रात्रीचा माल न्यायचा म्हणून लोक १००/९० चे बल्ब टाकतात. १०० वॅटला ८ च्या वर अँपिअर, दोन्ही मिळून साडेसोळा. आणि वायर तापते ती करंटच्या वर्गाने, म्हणजे करंट जवळजवळ पावणेदोन पट झाला की उष्णता जवळजवळ तिप्पट. ती तिप्पट उष्णता त्या नखाएवढ्या पॉइंटवर. कुठलं बटण टिकेल? शिवाय ते बल्ब नियमात बसत नाहीत, समोरच्याचे डोळे दिपतात आणि रिफ्लेक्टर काळा पडतो तो वेगळा.

उजेड हवा असेल तर बल्ब कंपनीचाच ठेवा आणि रिले बसवा. जुन्या गाडीत बॅटरीपासून बटणापर्यंत आणि बटणापासून बल्बपर्यंत लांब बारीक वायरीतून येता येता व्होल्ट गळतात, बल्बपाशी ११-साडेअकरा उरतात. रिलेने बॅटरीचा सप्लाय थेट बल्बला मिळाला की त्याच बल्बचा उजेड डोळ्यांना फरक कळेल इतका वाढतो.

आधी बॉनेटखाली बघा, तुमच्या मॉडेलला कंपनीचे हेडलाईट रिले असतीलही. असतील तर त्यांचेच पाय साफ करा. नसतील तर दोन रिले घ्या, एक अपरचा एक डिपरचा. रिलेच्या खाली आकडे छापलेले असतात. ३० ला बॅटरीच्या प्लसवरून २.५ ची वायर, आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच २० चा फ्यूज. ८७ मधून बल्बला. ८५ अर्थला. ८६ ला जुनी वायर, म्हणजे जी आधी थेट बल्बला जायची ती. झालं. आता बटणाला दहा अँपिअर नाही, फक्त रिलेचं कॉइल ओढायचंय, त्याला पाव अँपिअरही लागत नाही. असं बटण वर्षानुवर्षं जातं.

एक तपासा मात्र, काही गाड्यांत हेडलाईटला प्लस कायम असतो आणि बटण मायनस जोडतं. बल्बच्या कपलरवर टेस्ट लॅम्प लावून बघा, लाईट बंद असतानाच प्लस मिळाला तर तुमची गाडी त्या प्रकारची, मग ८५-८६ ची जोडणी त्याप्रमाणे करावी लागेल. हे डोक्यात बसत नसेल तर तेवढ्यापुरता वायरमन बोलवा, त्यात लाज नाही.

रिले पाय खाली करून बसवा, पाणी आत साचत नाही.

पाणी आणि उंदीर

इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला चालणाऱ्या गाड्यांचं निम्मं दुखणं पाण्याचं. पुढच्या काचेचं रबर कडक होतं, कोपऱ्यातून थेंब थेंब आत येतो आणि डॅशच्या मागून वायरीवरून ओघळत फ्यूजबॉक्समध्ये. डॅश उघडलाच आहे तर एकाला पाईपने काचेवर हळू पाणी मारायला सांगा आणि तुम्ही आत टॉर्च घेऊन बसा, कुठून येतं ते दिसतंच. रबर बदला किंवा सीलंट भरा. नाहीतर आज घासलेले पाय पुढच्या श्रावणात परत हिरवे.

गाडी शेतात किंवा क्रेटच्या शेडजवळ उभी असते तिथे उंदीर वायरी कुरतडतात. नवीन टाकलेल्या वायरींना खाचांचा प्लास्टिक पाईप घाला आणि धारदार पत्र्याच्या भोकातून वायर जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकात बसणारी रबराची कडी).

सगळं बंद करायच्या आधी

स्क्रू लावायच्या आधीच बॅटरी जोडा आणि एकेक गोष्ट चालवून बघा, हेडलाईट अपर-डिपर, पार्किंग, चारही इंडिकेटर, हॅझर्ड, ब्रेक, रिव्हर्स, वायपरचे दोन्ही स्पीड, हॉर्न, मीटरमधले सगळे दिवे. हेडलाईट दहा मिनिटं चालू ठेवून बटण आणि कपलरला हात लावा, कोमटपेक्षा जास्त लागता कामा नये. मगच पट्ट्या बसवा.

माल वाहतुकीची गाडी आठ वर्षांच्या पुढे गेली की फिटनेस दरवर्षी लागतो, आणि त्यासाठी गाडी नेली की लाईट, इंडिकेटर, वायपर, हॉर्न बघतातच. तारीख जवळ असेल तर हे काम आदल्या संध्याकाळी काढू नका, किमान आठवडा आधी करा, कारण एक ना एक बटण किंवा कपलर दुकानात "उद्या येईल" असंच असतं. काढलेलं जुनं बटण चालू स्थितीत असेल तर टाकू नका, दोन १० चे, दोन १५ चे फ्यूज आणि एक जादा रिले यांच्यासोबत पिशवीत घालून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवा.